पोतं रिकामं झालं, झाडाला किती पोचलं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेची चौकशी बहुधा एकाच प्रश्नानं सुरू होते : एकरी किती पोती टाकली? यापेक्षा मोलाचा प्रश्न म्हणजे त्यातलं मुळांपर्यंत किती गेलं. तो मात्र क्वचितच कुणी विचारतो.

साधा हिशोब मांडू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश अशी आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरात 1742 झाडं बसतात. एवढ्या झाडांचं सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं, तर 45 किलोची जवळपास 17 पोती लागतात.

नत्र जातं कुठे?

खानदेशातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, विम्लधर्मी. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवला, की त्याचा अमोनिया होतो आणि हवेत उडून जातो. खत टाकून वर मोकाट पाणी सोडलं, तर नत्र नायट्रेटच्या रूपात मुळांच्या खाली उतरतं आणि विहिरीत पोचतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. पाणी साचलेल्या जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमान वाढवतो.

अनुदानामुळे युरियाचं पोतं पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळतं, म्हणून हात सैल सुटतो. पोटॅश महाग, तिथे काटकसर होते. घड भरायला मात्र पालाशच हवं असतं.

वेळ साधली की खत वाचतं

घडाला किती फण्या येणार, हे निसवणीच्या बरंच आधी खोडाच्या आतच ठरतं. त्यामुळे नत्राचा भर सुरुवातीच्या महिन्यांत हवा. निसवणीनंतर युरिया ओतून फण्या वाढत नाहीत. तेव्हा भर पालाशवर द्यायचा. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात, म्हणून थोडं थोडं, वारंवार देणं फायद्याचं. ठिबकमधून दिल्यास शिफारशीच्या 75 टक्के मात्राही पुरते. म्हणजे 17 पोत्यांतली चार वाचली.

त्यातही सोडायची रीत आहे. तासभर संच चालवायचा असेल, तर आधी पाव तास साधं पाणी, मधल्या वेळात खत, शेवटचा पाव तास पुन्हा साधं पाणी. नळ्या धुऊन निघतात आणि खत मुळांपाशीच राहतं. खत सोडल्यावर संच तासन् तास चालू ठेवला, तर तेच खत खाली वाहून जातं.

भाजीपाल्यालाही हेच लागू. मिरची-वांग्याला नत्र जास्त झालं, की पाला लुसलुशीत होतो आणि मावा-तुडतुडे जमतात. कांद्याला लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावर युरिया दिला, तर माना जाड होतात आणि माल चाळीत सडतो. इथे जादा खताचा खर्च दोनदा बसतो : एकदा दुकानात, एकदा चाळीत.

बांधावर फेकलेलं पोटॅश

घड कापल्यावर उरणारं खोड आणि पानं यांत पालाश भरपूर असतं. ती बांधावर टाकण्यापेक्षा तुकडे करून बागेतच कुजवावीत. लागवडीआधी माती तपासून घ्यावी : शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घ्यायची, एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. केळीसाठी नमुना फूटभर खोलीचा हवा. अहवाल हातात आल्यावरच पोत्यांची यादी करावी. दुकानदाराच्या सल्ल्यानं आधी खरेदी केली, तर तपासणीला अर्थ उरत नाही.