चालताना तोल कसा तपासतात?

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आधाराशिवाय अर्धा मिनिट उभं राहिलं, की घरच्यांना वाटतं, आता तोल आला. पण चालताना तोल सांभाळणं हे वेगळंच काम आहे. उभं असताना शरीराचा भार दोन पावलांच्या मधल्या जागेत राहिला की पुरतं. चालताना मात्र तो दर पावलाला त्या जागेबाहेर जातो आणि पुढचं पाऊल वेळेवर, नेमक्या जागी पडलं तरच मूल सावरतं. पोटरीचे स्नायू ताठ आहेत, टाच टेकत नाही, मेंदूकडून स्नायूंना येणारा हुकूम उशिरा पोचतो, अशा मुलाची खरी कसोटी इथेच लागते.

आधी मुलाची हालचालीची पातळी ठरवतात. जीएमएफसीएस या वर्गीकरणात 1 ते 5 पातळ्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांची मुलं सहसा आधाराशिवाय चालतात, तिसऱ्या पातळीची वॉकर किंवा कुबड्या घेऊन.

मग पीडियाट्रिक बॅलन्स स्केल. त्यात 14 कृती असतात: खुर्चीवरून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं वगैरे. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 56. चाचणी चांगली आहे, पण तिच्यात सलग चालणं नाही. म्हणून केवळ या गुणांवर विसंबू नये.

'टाइम्ड अप अँड गो'मध्ये मूल खुर्चीतून उठतं, 3 मीटर चालतं, वळतं, परत येऊन बसतं. लहान मुलांसाठी समोरच्या भिंतीवर चित्र लावतात आणि त्याला हात लावून यायला सांगतात. खुर्ची अशी हवी की पावलं जमिनीला पूर्ण टेकतील. पळायचं नाही, नेहमीसारखं चालायचं. फिजिओथेरपिस्ट न धरता, पण हाताच्या अंतरावर सोबत चालतात. स्टॉपवॉचवरचे सेकंद लिहून घ्यायचेच, पण माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते वळण्यात. मूल एका झोक्यात वळतं, की थांबून पाच-सहा छोटी पावलं टाकतं? पाय एकमेकांत अडकतात का? ताठ बाजूचा हात छातीशी आखडतो का?

चालता चालता मान वळवायला, मध्ये ठेवलेला खोका ओलांडायला, वेग बदलायला लावलं की आणखी उलगडा होतो.

गेट लॅबमध्ये, म्हणजे चाल तपासण्याच्या प्रयोगशाळेत, अंगावर मार्कर लावून कॅमेरे प्रत्येक पाऊल टिपतात. शरीराचा भार कुठे आहे आणि किती वेगाने सरकतो आहे यावरून तो पावलाच्या कडेपासून किती आत राहिला, ते काढतात. हे अंतर जास्त म्हणजे तोल उत्तम, असं मात्र नाही. पडण्याच्या भीतीने मूल पाय फाकून चालत असेल, तरीही आकडा मोठा येतो. म्हणून पावलांची रुंदी, चालण्याचा वेग आणि पावलापावलातला फरक सोबत पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तपासणीला येताना रोजचे बूट, स्प्लिंट, वॉकर आणावेत आणि मुलाला हाफ पँट घालावी, म्हणजे गुडघे दिसतात. अनवाणी आणि स्प्लिंट घालून, दोन्ही प्रकारे तपासतात. मूल शाळेत किंवा गल्लीत चालतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओही दाखवा. दवाखान्याची फरशी सपाट असते आणि तिथे धक्का देणारं कुणी नसतं.