पद्मिनीचा आवाज आणि दौलताबादचा घाट

जुन्या प्रीमिअर पद्मिनीतला आवाज गॅरेजमध्ये उभ्याउभ्या सापडत नाही. जॅकवर उचला, चाकं हाताने फिरवा, इंजिन रेज करा, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रस्त्यावर चाळिशीच्या पुढे गेली की पुन्हा तीच घूंऽऽ. छत्रपती संभाजीनगरातले माझ्या ओळखीचे एक बुजुर्ग मिस्त्री, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, अशी गाडी सरळ दौलताबादच्या रस्त्याला काढतात. नगरनाका, मिटमिटा, शरणापूर, किल्ला असा साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ता. पुढे तटबंदीतला अरुंद दिल्ली दरवाजा आणि मग खुलताबादकडे चढणारा घाट. सपाटी, दगडी भिंत, चढ, वळणं, परतीचा उतार. आवाज पकडायला जे जे लागतं ते या एकाच वाटेवर मिळतं.

गाडी ओळखीची आहे, तरी थोडी उजळणी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११०० साठच्या दशकात ‘डिलाइट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. बिघाड सांगणारा कॉम्प्युटर तिच्यात नाही, आणि माझ्या मते तिचं खरं मोल इथंच आहे. कार्बोरेटरपासून डिफरन्शियलपर्यंत सगळं यंत्र माणसाच्या कानाला समजेल असं आहे.

चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर? गाडी वेगात असताना न्यूट्रल करायची. इंजिन मंदावलं तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन सुटलं. इंजिनातलाच निघाला, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला. टॅपेटची टकटक बारीक असते, इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक टक. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड आणि खोल असतो. तो कुठल्या सिलिंडरचा, हे बघायला एकेक प्लगची वायर काढायची. ज्या सिलिंडरचा स्फोट बंद केल्यावर ठोका दबतो, तिथंच दुखणं.

चाकांकडचा आवाज जास्त चकवतो, कारण लोखंडी बॉडी तो कुठूनही कुठं नेते. मागे वाजतंय असं वाटतं आणि दोष पुढे निघतो. इथं साधं गणित कामाला येतं. ताशी चाळीसच्या वेगाला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण सहा फेऱ्या घेतं, प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोड्या जास्त. चाकाच्या फेरीमागे एक टक असेल, तर हळू वेगात ती सहज मोजता येते. शाफ्टच्या फेऱ्या मोजता येत नाहीत. त्याचा क्रॉस झिजला असेल तर गाडी उचलताना खाडकन ठोका बसतो आणि वेगात फरशी थरथरते.

एका क्रीम रंगाच्या पद्मिनीबरोबर मी चाचांच्या शेजारी बसून गेलो. त्यांनी काचा खाली घ्यायला लावल्या. “साहेब, आता घाट उतरेपर्यंत बोलायचं नाही.” दिल्ली दरवाज्यात गाडी अगदी हळू न्यावी लागते, दोन्ही अंगांना दगड, त्यामुळे एरवी माळावर विरून जाणारा आवाज भिंतीवर आपटून खिडकीत परत येतो. माझ्या बाजूची भिंत गप्प होती. त्यांच्या बाजूने घरघर स्पष्ट येत होती. म्हणजे उजवं अंग.

घाटात पुढचं कळलं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, आवाज बदलला नाही. पिनियनची कूंऽऽ असती तर ओढीला आणि सोडीला वेगळी वाजली असती. डिफरन्शियल बाद झालं. डाव्या वळणावर मात्र घूं चढली, उजव्या वळणावर जवळजवळ नाहीशी झाली. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, आणि दुखरं बेअरिंग भार आला की ओरडतं. पुढचं की मागचं? उतारावर चाचांनी मला मागच्या सीटवर बसवलं. तिथं आवाज दबका झाला, त्यांच्या पायापाशी तसाच राहिला.

परत येऊन पुढचं उजवं चाक उतरवलं. हबमधलं ग्रीस काळं पडून वाळलेलं, आणि बेअरिंगच्या वाटीत नखाला लागतील असे बारीक खड्डे. जॅकवर वजनच नसतं, म्हणून तिथं हे खड्डे बोलत नव्हते. नवं बेअरिंग बसवताना चाचांनी नट आवळून थोडा मागे घेतला. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, सैल राहिला तर चाक डगमगतं.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती; वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती काळीपिवळी रस्त्यावरून गेली. हौसेने जपलेल्या गाड्या आहेत, त्या राहतील. मला काळजी कानांची वाटते, कारण रोज वाजणाऱ्या गाड्या असल्या तरच ते तयार होतात. चाचांनी त्यावर उपाय काढला आहे. आता घाटात गाडी न्यायची असली की गॅरेजमधला पोरगा चालवतो आणि चाचा शेजारी बसतात. आधी पोराने चाक सांगायचं, मगच हब उघडायचा.