खांब किती खचला?

अंबड तालुक्यात शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. सोलापूर-धुळे महामार्गाची अवजड वाहतूक इथून नदी पार करते. वरच्या अंगाला जायकवाडी धरण, पात्रात वाळू, काठांवर काळी माती. अशा जागी पुलाचा खांब हलला की नाही, हे कळायचे कसे?

पुलाच्या तोंडाशी गाडीला दणका बसला की लोक म्हणतात, पूल खचला. बहुतेक वेळा खचलेला असतो तो जोडरस्त्याचा भराव. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा रस्ता हलवते. खांबाचा पाया त्याहून बराच खोल, शक्यतो खडकापर्यंत नेतात. तो बसलाच तर काही मिलिमीटरच बसतो. सगळे खांब सारखे बसले तर पुलाचे फारसे बिघडत नाही. एक बसला आणि शेजारचा जागेवर राहिला, की गर्डर आणि सांधे ताणले जातात.

हे मोजायची जुनी रीत लेव्हल मशीन आणि स्टाफची, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या पट्टीची. ती आजही सर्वांत भरवशाची, पण त्यासाठी माणूस जागेवर लागतो. 2006 साली जायकवाडीतून सोडलेले पाणी पैठण शहरात शिरले होते. अशा पुरात स्टाफ धरून उभे कोण राहणार? खांबाच्या माथ्यावर बसवलेला उपग्रह-रिसीव्हर मात्र रात्रंदिवस मोजत राहतो. हाँगकाँगच्या त्सिंग मा झुलत्या पुलाची हालचाल जीपीएसने टिपली जाते.

मोबाइलचे लोकेशन तर काही मीटरने चुकते, मग मिलिमीटर कसा कळणार? मोबाइल सहसा उपग्रहाच्या संदेशातल्या संकेतावरून अंतर काढतो. सर्वेक्षणाचा रिसीव्हर त्या संदेशाची मूळ रेडिओलहर मोजतो. जीपीएसची एक लहर सुमारे 19 सेंटिमीटर लांब असते. तिचा शंभरावा भाग ओळखला की दोन मिलिमीटर हाती आले. दुसरा रिसीव्हर काठावरच्या पक्क्या खडकावर ठेवतात. वातावरणाने आणि उपग्रहांच्या घड्याळांनी घातलेला घोळ दोघांना जवळपास सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो.

तरी उंची हीच या पद्धतीची दुखरी नस. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या मोजणीच्या दुप्पट-तिप्पट होते. त्यात खांब स्वतःही वाढतो. दहा मीटर उंचीचे काँक्रीट वीस अंशांनी तापले तर सुमारे दोन मिलिमीटर उंचावते, आणि मराठवाड्यात वर्षभरात एवढा फरक सहज पडतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. तापमान वजा करून महिनोन्‌महिन्यांचा कल पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट या यंत्राला दिसत नाही. पुराचे पाणी पायाजवळची वाळू उकरून नेते, तेव्हा खांब शेवटपर्यंत ताठ उभा राहू शकतो. खड्डा किती पडला हे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मोजायचे असते. महाडजवळचा सावित्रीवरचा 1928 चा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, त्यानंतर तरी पात्राची मोजणी टाळणे परवडणारे नाही. पायाजवळून वाळूउपसा होत असेल, तर आकाशातले उपग्रह काय कामाचे?

माझ्या मते आधी दर उन्हाळ्यात लेव्हल आणि पात्राची मोजणी व्हावी, आणि ज्या खांबाबद्दल शंका असेल तिथेच रिसीव्हर बसवावा. तोवर वाचकांनी एक करावे: कठड्याची सरळ रेघ वाकलेली दिसली किंवा सांध्याची फट एकाएकी वाढली, तर फोटो काढून रस्ता ज्या विभागाकडे असेल तिथे लेखी कळवावे.