तारे किती, ते विचारू नका!

शनिवार पेठेत रूम घेऊन राहणाऱ्या कोणालाही विचारा, मेस कशी निवडायची? नुसतं "चांगली आहे" ऐकून कोणी महिन्याचे पैसे भरत नाही. रविवारी संध्याकाळी चालू असते का, पोळ्या मोजून देतात का, हे आपण विचारतोच. मग प्रोजेक्टसाठी ओपन सोर्स पॅकेज घेताना फक्त तारे का बघतो? (रेटिंगला मराठीत ‘गुणांकन’ म्हणतात म्हणे. मी कॉन्व्हेंटवाली, मला तारेच बरे वाटतात.)

पॅकेज म्हणजे कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, आणि रिपॉझिटरी म्हणजे त्याचं कोठार. पायथॉनच्या पायपीआय या कोठारात 2009 च्या सुमारास तारे आणि शेरे देण्याची सोय आली, आणि पॅकेज लिहिणाऱ्यांमध्ये त्यावरून बराच वाद झाला. एखाद्याचं इन्स्टॉलेशन अडलं की तो रागाने एक तारा देऊन मोकळा! ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, एरर काय, पत्ताच नाही. लेखकाने पुढच्या आवृत्तीत चूक सुधारली तरी तो तारा आपला तिथेच. 2018 मध्ये पायपीआयचं नवं रूप आलं ते ताऱ्यांशिवाय.

लाटेकवाल्यांच्या सीटॅनवर मराठी मजकूर जुळवण्यासाठी ‘मराठी’ याच नावाचं पॅकेज आहे. असल्या पॅकेजला वापरणारेच मोजके. दोघातिघांनी तारे दिले, तरी त्यांच्या सरासरीतून काय कळणार? त्यापेक्षा "अमुक फाँटमध्ये हे जोडाक्षर तुटतं" एवढी एक ओळ लाखमोलाची.

डाउनलोडचा आकडाही फसवा. एनपीएमवरचं इव्हेंट-स्ट्रीम आठवड्याला लाखोंनी डाउनलोड व्हायचं. मूळ लेखकाने ते एका अनोळखी स्वयंसेवकाच्या हाती सोपवलं, आणि 2018 मध्ये त्यात बिटकॉइन चोरू पाहणारा कोड सापडला.

मला पर्लच्या सीपॅनची युक्ती आवडते. तिथे ‘सीपॅन टेस्टर्स’ नावाचे स्वयंसेवक आपापल्या मशीनवर नव्या पॅकेजच्या टेस्ट चालवतात आणि कुठल्या सिस्टिमवर, पर्लच्या कुठल्या आवृत्तीवर पास की फेल, ते नोंदवतात. मत नाही, थेट रिझल्ट!

तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, शेवटची आवृत्ती कधीची, तक्रारींना उत्तर मिळतं का, टेस्ट आहेत का, एवढं बघा. आणि अडलंच तर आवृत्ती, सिस्टिम आणि एररचा पूर्ण मजकूर लेखकाला कळवा. फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री नको, तो माणूसही झोपतो!