विजेचा हिशेब – लेखांक ११ : बावीस युनिटांची आजी

या आठवड्यात दिवसाची वीज आणि सौर फीडर, असं कबूल केलं होतं. ओतूरहून रात्रपाळीच्या पाण्याबद्दल विचारणाऱ्या वाचकांनी आणखी आठ दिवस धीर धरावा. मध्येच तळेघरहून एक पाकीट आलं आणि माझा बेत फिसकटला.

पाकिटात विजेचं बिल होतं, मार्च २०२५ चं. सोबत एका शिक्षक वाचकाची चिठ्ठी : ‘आजी एकटी राहते. दोन दिवे, एक पंखा, लहान टीव्ही. महिन्याला बावीस युनिट. ती म्हणते, जाळली त्या विजेचे पैसे कळले, पण हा स्थिर आकार कशाचा? मला नीट सांगता आलं नाही.’

खरं सांगतो, मलाही आजवर नीट सांगता आलेलं नाही. कुणी विचारलं की ‘तारा-खांबांचा खर्च हो’ म्हणून मी पुढे सरकतो. या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

२०२४-२५ चं महावितरणचं घरगुती दरपत्रक घ्या. पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, वहन आकार १ रुपया १७ पैसे. म्हणजे आजीच्या २२ युनिटांचे झाले १२९ रुपये ३६ पैसे. त्यावर सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये. वीज जवळजवळ जेवढ्याची, तेवढाच तिचा उंबरठा! या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, तरी बेरीज होते २९८ रुपये ५४ पैसे. भागिले २२. युनिट पडलं साडेतेरा रुपयांना, काटेकोर सांगायचं तर १३ रुपये ५७ पैशांना.

आता मंचरच्या एखाद्या फ्लॅटमधलं चौकोनी कुटुंब धरा. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, महिन्याला २०० युनिट. त्यांची वरची १०० युनिटं महागाच्या टप्प्यात जातात, १० रुपये २९ पैसे अधिक वहन आकार. तरी एकूण बिल येतं २,१६० रुपयांच्या आसपास, म्हणजे युनिटला १० रुपये ८० पैसे. ३०० युनिट जाळणाऱ्यालाही सरासरी ११ रुपये ६३ पैसेच पडतात.

मी बेरीज दोनदा तपासली. कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग, हे टप्प्यांच्या दरांमागचं तत्त्व आपण चौथ्या लेखांकात कौतुकाने पाहिलं होतं. ते तत्त्व शंभर युनिटांपासून वर चढताना खरं आहे. खाली उतरताना मात्र उलटं होतं. या तिघांत तळाशी बसलेली आजीच सगळ्यांत महाग वीज घेते. स्थिर आकार २०२२-२३ मध्ये १०५ रुपये होता, पुढच्या वर्षी ११६ झाला, मग १२८. प्रत्येक वाढ दहा-बारा रुपयांची, म्हणून बातमीत ती कधी मथळ्याला आली नाही. पुढे दर बदलले, पण स्थिर आकाराची ही जात बदलली नाही.

वितरण कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. डोंगरात खांब पुरायचा, जंगलातून तार न्यायची, डीपी बसवायची, पावसाळ्यात लाईनमनने चिखल तुडवत फॉल्ट शोधायचा. हा खर्च आजीने बटण दाबलं काय, न दाबलं काय, होतोच. वाड्या जितक्या विरळ, तितका दर घरामागे जास्त. वीज नियामक आयोग म्हणतो, स्थिर खर्चाचा काही भाग स्थिर आकारातून यावा. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की दोन दिव्यांच्या घराने आणि फ्रिज-गिझरच्या घराने तो सारखाच का भरावा?

आता सवलत कुणापर्यंत पोचते ते पाहायला तळेघरच्या खालच्या डिंभे धरणाकडे चला. आहुप्याकडून येणारी घोडनदी इथे अडवलेली आहे, उपयुक्त साठा साधारण साडेबारा टीएमसी, पायथ्याशी ५ मेगावॉटचं छोटं वीजघरही आहे. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांच्या जमिनी, भातखाचरं या पाण्याखाली गेली. पाणी निघालं पूर्वेला : कालव्यांनी आंबेगाव, जुन्नर, शिरूरच्या शिवारांत आणि येडगावमार्गे पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत. तिथे ऊस उभा राहिला, विहिरी भरल्या, मोटारी बसल्या. धरणाच्या वर मात्र पावसावरचं भात, नाचणी, वरई आणि हिरडा. भाताला मोटार कशाला, आभाळच धो-धो ओततं.

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजना’ आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत. लाभार्थी शेतकरी सुमारे ४४ लाख, वर्षाचा बोजा १४,७६० कोटी. योजनेवर माझे आक्षेप आहेत, ते नंतर. आज एकच आकडा. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला पावणेचार युनिटांच्या आसपास वीज ओढते. म्हणजे आजीचं महिन्याचं बावीस युनिट ती सहा तासांत संपवते, तेही फुकट. मी शेतकऱ्याच्या पाण्यावर डोळा ठेवून बोलत नाही. म्हणणं इतकंच, की आपल्या राज्यात मायेचं माप अश्वशक्ती झालं आहे. ज्याच्या बांधावर मोटार नाही, त्याच्यापर्यंत ती माया पोचत नाही. त्याच्या डोक्यावरून पाणी खाली जातं आणि पाठोपाठ सवलतही.

‘दारिद्र्यरेषेखालच्यांना वेगळा दर आहे ना?’ असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो खरोखर स्वस्त आहे. पण त्याला कागदोपत्री अटी आहेत आणि आधीच्या आर्थिक वर्षात वापर ३६० युनिटांच्या आत असावा लागतो. आजीचा वापर वर्षाला २६४ बसतो, म्हणजे वापराची अट ती सहज पाळते. अडतं ते कागदावर. मीटर रोज तिची गरिबी मोजतं, पण कागदाला ते मीटर वाचता येत नाही.

‘मग छपरावर सोलर घ्या,’ हाही सल्ला मिळतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॉटचं पॅनेल महिन्याला सरासरी शंभर-सव्वाशे युनिट देतं. आजीला लागतात बावीस. बाकीची ग्रिडला देऊन ती वर्षाअखेर काय मिळवणार? आणि जोडणी राहिली की स्थिर आकारही राहिला. हवामानासाठी सौरऊर्जा हवीच, माझा त्याला पाठिंबा तुम्हाला पाठ झाला असेल. पण सर्वांत कमी कार्बन जाळणारं घर हे आजीचंच आहे. तिने आणखी काय वाचवायचं?

कायदा काय म्हणतो? वीज कायदा २००३, कलम ६२(३) : आयोगाने कुणाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये, मात्र काही आधारांवर दरांत फरक करता येईल. त्या आधारांत ‘ठरावीक काळातला एकूण वापर’ आहे, आणि पुढे ‘भौगोलिक स्थान’ही आहे. म्हणजे ३० युनिटांखालच्या घराला पाव स्थिर आकार लावायला कायदा आडवा येत नाही. डोंगरपट्ट्याचा वेगळा विचार करायलाही नाही. सरकारला सवलत द्यायची असेल, तर कलम ६५ सांगतं, पैसे आगाऊ मोजा आणि द्या. तामिळनाडूत दर दोन महिन्यांना पहिली १०० युनिटं घरांना मोफत आहेत. तिथल्या आजीला बावीस युनिटांचा हिशेबच करावा लागला नसता.

तेव्हा गुरुजी, आजीला सांगा : स्थिर आकार हा विजेचा नव्हे, वीज दारात उभी राहिल्याचा पैसा. तो मागणं चूक नाही, सगळ्यांकडून सारखा मागणं चूक आहे. आणि पुढच्या दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध होईल तेव्हा लेखी हरकत पाठवा. कलम ६४ प्रमाणे आयोगाला हरकती विचारात घ्याव्याच लागतात. लांबलचक निवेदन नको. तेरा सत्तावन्न आणि दहा ऐंशी, हे दोन आकडे आणि सोबत आजीच्या बिलाची झेरॉक्स, एवढं पुरे.

बाकीच्या वाचकांनीही आपापल्या बिलाला युनिटांनी भागून पाहावं आणि आलेला आकडा मला कळवावा. भीमाशंकरच्या वाटेवरून आणि श्रीगोंद्याच्या उसातून, दोन्हीकडून आकडे आले तर मजा येईल.

पुढच्या आठवड्यात ओतूरकरांची रात्रपाळी. या वेळी नक्की.