घाट उतरतांना

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या अवजड ट्रकच्या मागें मोटार अडकली म्हणजे आंतील मंडळी वैतागतात. चढावर हा रडतखडत चालला तें समजूं शकतें. पण उतारावर यानें गोगलगाईसारखें कां सरकावें? वास्तविक चालकाचें खरें कसब त्या सरकण्यांतच आहे.

थोडा हिशेब करून पहावा. मालासह १६ टनांची गाडी ५०० मीटर खालीं आली, तर उंचीमुळें तिच्यांत सांठलेल्या शक्तीची विल्हेवाट कोठें तरी लागलीच पाहिजे. तिची उष्णता होते. आणि ती एकत्र केली तर सुमारें २५० लिटर पाणी उकळूं लागेल! चालक नुसता ब्रेक दाबीत उतरला, तर हा सारा ताप चाकांतील ड्रम व लायनर यांनाच सोसावा लागतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, जळका वास येतो, आणि पाय कितीहि दाबला तरी गाडी ऐकेनाशी होते.

म्हणून हें काम इंजिनाकडे सोंपवावयाचें. खालच्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं गाडीच इंजिनाला फिरवूं लागते, आणि त्यांत तिचा जोर खर्ची पडतो. मात्र हा गिअर माथ्यावरच टाकला पाहिजे. वेग चढल्यावर तो सहसा बसत नाहीं, आणि गाडी मोकळी सुटते. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें उतरण्याची खोड कित्येकांस असते. ती आत्मघातकी तर खरीच, पण हिशेबानेंहि चूक! आजच्या इंजिनांत गिअरमध्यें उतरतांना डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्यें तें जळतच राहतें.

डिझेल इंजिनाचा हा रोध मुळांत बेताचाच. त्यांत दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणें दट्ट्याला मागें ढकलते व घेतलेली शक्ति बव्हंशीं परत करते. १९३१ सालीं डिझेल इंजिनांचे अमेरिकन निर्माते क्लेसी कमिन्स एका ट्रकमधून कॅलिफोर्नियांतील कॅहोन घाट उतरत असतां ब्रेक निकामी झाले. खालीं रस्त्याला आडवे रूळ, आणि त्यांवर मालगाडी! तिच्या शेवटच्या डब्याची धडक थोडक्यांत चुकली. पुढें त्यांनीं युक्ति काढली ती अशी: हवा पुरती दाबली गेली कीं झडप उघडून ती बाहेर सोडून द्यावयाची, म्हणजे परतफेडीचा प्रश्नच उरत नाहीं. हा ब्रेक १९६१ मध्यें बाजारांत आला. त्याच्या तडतडाटामुळें अमेरिकेंतील कित्येक गांवांनीं वेशीवर मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. याहून साधा उपाय म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या नळींत झडप बसवून त्याची वाट अडविणें.

रिटार्डर मात्र इंजिनाच्या पलीकडे, गिअरपेटीशीं जोडलेला असतो. एका प्रकारांत फिरतें चाक स्थिर चाकासमोर तेल घुसळतें. तापलेल्या तेलाची उष्णता रेडिएटरच्या पाण्याकडे जाते. दुसऱ्यांत विद्युच्चुंबकांसमोर लोखंडी तबकड्या फिरतात, आणि त्यांत उठणारे प्रवाहच त्यांना अडवितात. दोन्हींत घासून झिजणारें कांहीं नाहीं. मात्र वेग मंदावला कीं हा रोधहि ओसरतो. गाडी उभी करण्यास पायाखालचाच ब्रेक लागतो, आणि तोंवर तो थंड राहिलेला असतो.

पावसाळ्यांत मात्र जाणता चालक रिटार्डर जपूनच लावतो. त्याचा सारा रोध इंजिनानें फिरणाऱ्या मागच्या चाकांवरच पडतो. ट्रक रिकामा असेल तर ओल्या रस्त्यावर तींच प्रथम घसरतात.