सोबत कुठवर करायची?

रात्री दीडचा सुमार. शेजारी झोपलेला नवरा एकदम उठून बसतो. छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, बोटांना मुंग्या. "अगं, मला काहीतरी होतंय," एवढंच त्याला कसंबसं सांगता येतं. मग घरात जे सुचेल ते सुरू होतं. लिंबूपाणी, कपाळाला बाम, पंखा पाचवर, "पित्त झालं असेल", आणि शेवटी रिक्षा काढून दवाखाना. ईसीजी नॉर्मल येतो. डॉक्टर सांगतात, हृदय ठणठणीत आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

पहिल्या वेळी दवाखाना गाठला हे योग्यच झालं. छातीतली कळ हृदयाची की भीतीची, हे घरी बसून ठरवायचं नसतं. पण तपासण्या होऊन पॅनिक अटॅकचं निदान झालं, की रिपोर्टची फाईल कपाटात जाते आणि शेजारी झोपणाऱ्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो: पुढच्या वेळी आपण काय करायचं?

त्यासाठी आधी हे घडतं कसं ते पाहायला हवं. संकटात पळून जाण्यासाठी शरीराकडे एक जुनी यंत्रणा आहे. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धावतं, श्वास भराभर होतो. पॅनिक अटॅकमध्ये हीच यंत्रणा समोर काहीही नसताना जागी होते. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. यातून जीवाला धोका नसतो, पण ज्याला होतं त्याला मरण समोर दिसत असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राची नेमकी मांडणी केली. धडधड झाली की माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. ही लाट सहसा काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते.

म्हणून "शांत हो", "उगाच टेन्शन घेतोस" ही वाक्यं कितीही मायेने म्हटली तरी उपयोगी पडत नाहीत. जे त्याला जमतच नाहीये तेच त्याच्याकडे मागितलं जातं. त्यापेक्षा थोडक्यात, हळू आवाजात, खरं तेवढं बोलावं: "मी इथेच आहे. मागच्या वेळीही असंच झालं होतं आणि ओसरलं होतं." त्याच्याबरोबर आपणही सावकाश श्वास सोडावा. प्रश्नांची सरबत्ती नको. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय तर नकोच. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं, तर त्यात प्राणवायू कमी पडून जिवावर बेतू शकतं. पाठीवर हात ठेवलेला चालेल का, हे मात्र आधीच विचारून ठेवावं. कुणाला त्या क्षणी स्पर्श हवा असतो, कुणाचा जीव त्यानेच गुदमरतो. असं बोलणं अटॅकच्या वेळी होत नाही, एखाद्या बऱ्या दिवशी चहा घेताना होतं.

नुसतं जवळ असण्याने काय फरक पडतो, याची परीक्षाही झाली आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पॅनिकच्या रुग्णांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली. या हवेने अशा रुग्णांमध्ये अटॅक ओढवू शकतो. काहींजवळ त्यांचं भरवशाचं माणूस बसलेलं होतं, काही एकटे होते. एकट्यांना त्रास जास्त झाला आणि 'आता काही खरं नाही' असे विचारही जास्त आले. वायू दोघांनाही तोच होता.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि या लेखाचं खरं कारणही पुढेच आहे.

अटॅक लोकलमध्ये आला, म्हणून लोकल सुटते. मग लिफ्ट, मग मॉल, मग लग्नकार्यं. "तू राहू दे, मी जाऊन येते," असं म्हणत बायको बँकेची, बाजाराची, नातेवाइकांची कामं एकेक करून अंगावर घेते. यातलं प्रत्येक काम प्रेमाने केलेलं असतं आणि प्रत्येकातून त्याच्या मेंदूला निरोप जातो की धोका खरा होता, टाळला म्हणून वाचलो. पॉल साल्कोव्हस्किस या संशोधकाने अशा आधारांचा विशेष अभ्यास केला. पिशवीतली पाण्याची बाटली, खिशातली कधीच न घेतलेली गोळी. काही वाईट झालं नाही, याचं श्रेय मेंदू बाटलीला देऊन टाकतो. प्रेमाचं माणूसही नकळत त्या बाटलीच्या जागी जाऊन बसतं.

१९८९ मधला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. पॅनिकच्या वीस रुग्णांना अशीच कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली. दिवा लागला असेल तर समोरची खुंटी फिरवून वायू कमी करता येईल, असं सगळ्यांना सांगितलं होतं. दहा जणांचा दिवा लागला, दहा जणांचा लागलाच नाही. खरं तर खुंटीने काहीच होत नव्हतं. तरी दिवा लागलेल्यांपैकी दोघांना अटॅक आला, न लागलेल्यांपैकी आठ जणांना. खुंटी आपल्या हातात आहे, एवढ्या समजुतीने हा फरक पडला. घरातल्या माणसाने सगळंच आपल्या हाती घेतलं, तर ती खुंटी आजाऱ्याकडे उरतच नाही.

पॅनिकवर चांगले उपचार आहेत. काही औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरायला सोबत लागते. वर्तनोपचारात रुग्णाला मुद्दाम जिने चढायला, फिरत्या खुर्चीवर गोल फिरायला लावतात. धडधड आणि गरगर आली तरी काही बिघडत नाही, हे शरीराला त्यातून कळतं. सोबत करणाऱ्यालाही आपली झोप, आपल्या मैत्रिणी, आपलं रडू यांसाठी जागा हवीच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि तो आजाऱ्याच्या माणसांसाठीही आहे.

लोकलकडे परतणंही उपचारकांशी बोलून, पायरी-पायरीने होतं. आधी दोघं एकाच डब्यातून ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन. मग ती लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये. नंतर ती मुलुंडच्या फलाटावर थांबते आणि तो एकटा येतो. मग एके दिवशी ती घरीच असते, आणि पोचल्यावर फोन करायचा की नाही, हे तो ठरवतो.